दवाईबाईंचा नेम

(दिंडीच्या शताब्दी महोत्सवात काल्याच्या आदल्या रात्री झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.)

शंभर वर्षांच्या दिंडीत आठवायची माणसं पुष्कळ. पहिली वीणा ज्यांनी खांद्यावर घेतली त्यांच्याबद्दल काल ऐकलं. तंबूसाठी ज्यांनी घरचं धान विकलं त्यांच्याबद्दल आज सकाळी ऐकलं. आमच्या वाट्याला आलेली आठवण एका बाईची आहे. त्यांचं नाव मंदिराच्या पाटीवर नाही. घरच्यांनीही सांगितलं, छापू नका, तिला आवडलं नसतं. म्हणून ज्या नावानं आपण त्यांना हाक मारत होतो, तेच घेतो. दवाईबाई. पुस्तकात औषध म्हणतात, आपल्या झाडीपट्टीत सगळ्यालाच दवाई म्हणतात.

बाई मूळच्या नागपूरकडच्या. दहावी-बारावीनंतर औषधशास्त्राची पदविका घेतली. दोन वर्षं शिक्षण, त्यावर प्रत्यक्ष कामाचे तास, मग राज्याच्या औषध परिषदेच्या नोंदवहीत नाव. लग्न होऊन आपल्या गावात आल्या आणि पुढं प्राथमिक आरोग्य केंद्रात लागल्या. कागदावर पद औषध निर्माण अधिकारी. गावानं कंपाउंडर म्हटलं. बाईंनी कधी दुरुस्त केलं नाही. एवढंच म्हणायच्या, "डॉक्टर लिहिते ते दवाई. मी देते तो तिचा हिशोब. हिशोब चुकला तर दवाईचं विष होते."

फार्मसीचा कायदा 1948 सालचा. नोंदणी असलेल्या माणसानंच, किंवा त्याच्या देखरेखीखालीच औषध द्यावं, असं तो सांगतो. ही अट कशासाठी, ते बाईंच्या खिडकीसमोर उभं राहिलं की कळत होतं. चिठ्ठी आली की आधी माणसाकडं बघायच्या. पोटुशी आहे का, दुसरी कोणती गोळी चालू आहे का, मागच्या वेळी अंगावर पुरळ आलं होतं का. शंका आली की चिठ्ठी घेऊन स्वतः डॉक्टरांकडं जायच्या. रांगेतली माणसं कुरकुर करायची. बाई रांगेला भीत नव्हत्या.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या मायांना वाचता येत नव्हतं. बाई कागदाच्या पुडीवर चित्र काढायच्या. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. जेवणाआधीची गोळी असेल तर रिकामी थाळी, जेवणानंतरची असेल तर भाताचा ढीग काढलेली थाळी. पुडी हातात दिल्यावर विचारायच्या, "आता मले सांगा जी, कशी खाणार?" माणसानं नीट सांगितल्याशिवाय पुढचा नंबर येत नव्हता.

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव ही आपली जंगलपट्टी. हिवताप आपल्या ओळखीचा. त्यातल्या एका जातीचा जंतू यकृतात लपून राहतो. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरतो, माणूस बांधीवर जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी ताप पुन्हा उभा राहतो. तो लपलेला जंतू मारायला दुसरी गोळी असते, ती चौदा दिवस घ्यावी लागते. ताप नसताना चौदा दिवस गोळी कोण खाईल? बाईंनी आपल्या माणसांना आपल्याच भाषेत सांगितलं. आज एकादशी आहे ना, आज सुरू करा. पुढची एकादशी तोंडावर आली की संपेल. एका एकादशीपासून दुसऱ्या एकादशीपर्यंतचा नेम समजा. वारकऱ्याला नेम समजावून सांगावा लागत नाही. ज्यांनी कधी औषध पुरं केलं नव्हतं, त्यांनी ते पुरं केलं.

पाऊस लागला की बाईंची झोप कमी व्हायची. आपल्याकडं आषाढ म्हणजे रोवणी. चिखलात वाकलेले हात आणि पाय, बांधाच्या भोकात साप. मृग लागण्याआधी बाई सर्पदंशाच्या औषधाच्या कुप्या मोजून ठेवायच्या. विषारी सापानं चावलेल्या एका माणसाला पहिल्याच खेपेला आठ-दहा कुप्या लागू शकतात. पाच कुप्या शिल्लक म्हणजे शिल्लक नाहीच, असं त्यांचं गणित. पुढं धानावर फवारणी सुरू झाली की विषबाधेवरच्या ॲट्रोपिनच्या सुया मोजायच्या. साठा कमी दिसला की तालुक्याला पत्र, मग फोन, मग एसटीनं स्वतः. एका वर्षी भर पावसात पिशवी छातीशी धरून त्या परत आल्या होत्या. त्याच आठवड्यात आपल्याच टोलीवरच्या एका पोरीला नाग चावला. ती पोरगी आज या मांडवात आहे. तिचं लेकरू मांडीवर आहे.

आता दिंडीचं सांगतो.

घाटावरच्या लोकांना आपल्या वारीची अडचण कळत नाही. त्यांच्याकडं पेरणी करून माणूस निघतो. आपले परे तयार होतात आणि त्याच वेळी आळंदीहून माउलींची पालखी निघते. म्हणून आपल्याकडं घरातलं एकच माणूस वारीला जातं आणि बाकीचे बांधीत उतरतात. गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुणे, तिथून आळंदी, आणि तिथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास पायी. बाई पहिल्यांदा आल्या त्या सासूबाईंना घेऊन. सासूबाईंना दम्याचा त्रास, आणि वारी चुकवायची नाही हा हट्ट. तेव्हा दिंडीच्या सामानात औषध म्हणून काय होतं? अमृतांजनाची बाटली, थोडी हळद आणि ओवा.

आपल्या दिंडीच्या जुन्या मंडळींनी पटकीच्या गोष्टी सांगितल्या आहेत. मागच्या काळात पंढरपूरच्या यात्रेत कॉलरा फुटायचा आणि यात्रेकरूंबरोबर गावोगाव पोहोचायचा. वारीला निघणारा माणूस घरच्यांचा निरोप घेताना खरोखरच शेवटचा घ्यायचा. त्या रोगात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यानं. त्यावरचा साधा उपाय मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाला 1971 साली. बांगलादेशच्या लढाईत निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते नातेवाइकांच्याच हातानं रोग्यांना पाजलं. तिथं शंभरात तीसच्या घरात मरणारी माणसं चारच्याही खाली आली. आज आपण ज्याला ओआरएसची पुडी म्हणतो, ती हीच.

बाई ही गोष्ट दर वर्षी आळंदीच्या पहिल्या मुक्कामी सांगायच्या आणि शेवटी बजावायच्या, एक पुडी म्हणजे एक लिटर पाणी. पेलाभर पाण्यात कालवली तर मीठ जास्त होतं, बादलीभर पाण्यात टाकली तर उपयोग नाही. त्यासाठी त्यांनी दिंडीच्या सगळ्या लोट्यांवर रंगानं रेघ मारून घेतली होती. टँकरच्या पाण्यात क्लोरिनचं औषध टाकल्याशिवाय कोणाला पिऊ द्यायच्या नाहीत. वास येतो म्हणून तक्रार व्हायची. आपण भात खाणारी माणसं, घाटावरच्या भाकरीनं आणि वासाच्या पाण्यानं आधीच बेजार. बाई म्हणायच्या, "वास दोन घटका राहते. हगवण पंढरपूरपर्यंत येते."

वारीत आणखी एक गोष्ट त्यांनी बदलली. पुण्याहून सासवडचा टप्पा बहुतेक साली ज्येष्ठ वद्य एकादशीला येतो. वारीतली सगळ्यात लांब चाल, मध्ये दिवे घाट आणि त्याच दिवशी उपवास. साखरेचा आजार असलेली माणसं गोळी घेऊन, पोटात काही न घालता घाट चढायची. रक्तातली साखर एकदम खाली यायची. घाम, थरथर, बरळणं. लोक म्हणायचे अंगात आलं. बाईंनी कागदपेन घेऊन नियम केला. वारीला निघण्याआधी महिनाभर प्रत्येकानं डॉक्टरांकडं जायचं, उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते लिहून आणायचं. ज्याच्याकडं चिठ्ठी नाही त्यानं त्या दिवशी फराळ करायचा. एका जुन्या टाळकऱ्यानं विचारलं, गोळीनं उपवास मोडतो का? बाई म्हणाल्या, "गोळीनं नाही मोडत, बाबाजी. पण न खाता गोळी घेतली तर माणूस मोडते."

त्या स्वतः गोळी कमी-जास्त करत नव्हत्या. आम्ही म्हणायचो, बाई, तुम्हाला सगळं कळते, तुम्हीच सांगून टाका. त्या म्हणायच्या, "मी डॉक्टर नाही." हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही इतक्या वेळा ऐकलं, की पोरं त्याची नक्कल करायची. आपल्या संप्रदायात अधिकार हा शब्द मोठा आहे. ज्याचा अधिकार नाही त्यानं ते करू नये, आणि ज्याचा आहे त्यानं ते सोडू नये. पाकिटावर लाल रेघ असलेली गोळी त्यांनी चिठ्ठीशिवाय कोणाला दिली नाही. सख्ख्या दिराला दिली नाही, आपल्या फडावरच्या महाराजांना दिली नाही. त्यावरून रुसवे झाले. बाईंनी रुसवे सोसले.

एकदा मात्र मोठा वाद झाला. एक म्हातारे वारकरी होते. गुडघे गेलेले. रस्त्यावर कोणा फिरत्या विक्रेत्यानं त्यांना दुखण्याची जोरदार गोळी दिली. उपाशीपोटी दोन दिवस त्यांनी ती खाल्ली आणि घाट पोरासारखा चढले. आम्ही सगळे म्हणालो, माउलींची कृपा. सासवडच्या मुक्कामी रात्री ते पांढरेफटक पडले. बाईंनी शौचाचा रंग विचारला. डांबरासारखा काळा. म्हणजे पोटात रक्तस्राव. बाईंनी लगेच 108 नंबर फिरवायला लावला. म्हातारे जायला तयार नव्हते. वारीतून परत फिरायचं नाही म्हणत होते. दोघा-चौघांनी त्यांची बाजू घेतली. वारीत देह पडला तर सोनं झालं, असंही कोणी बोललं. तेव्हा बाईंचा आवाज चढला. "पांडुरंगाले मेलेला वारकरी कायले पाहिजे जी? त्याले चालनारा पाहिजे." बाईमाणसानं फडावर आवाज चढवणं काहींना रुचलं नाही. गाडी आली, म्हातारे दवाखान्यात गेले, रक्त चढवलं. त्यांनी पुढं आणखी वाऱ्या केल्या, काठी टेकत, सावकाश, गोळीशिवाय.

त्यानंतर बाईंच्या घरावरच वेळ आली. त्यांच्या यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आपल्या जिल्ह्यातल्या बांध्यांमधून सारस पक्ष्यांची जोडी फिरते, एकामागं एक. या दोघांना गाव सारसाची जोडी म्हणायचं. बाई ड्यूटीवर निघाल्या की ते सायकलवरून सोडायला, संध्याकाळी घ्यायला. ते अंथरुणाला खिळले. बाईंनी नोकरी केली आणि त्यांना उठवणं-बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं केलं. पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. सहा वर्षं. ही सहा वर्षं त्या वारीला आल्या नाहीत.

कुजबुज झाली. नेम मोडला म्हणे. आमच्यातल्या जुन्या मंडळींनी तेव्हाच उत्तर दिलं होतं, ते आज पुन्हा सांगतो. पांडुरंग विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापाची सेवा करत होता, देव दारात आला, आणि पुंडलिकानं त्याला थांब म्हटलं. देव थांबला. अजून थांबलेला आहे. घरच्या माणसाची कूस बदलणाऱ्या बाईसाठी तो सहा वर्षं थांबणार नाही का? संत बहिणाबाईंनी नवऱ्याचा विरोध सोसत, लेकरं सांभाळत परमार्थ केला. आपल्या संप्रदायात संसार सोडून देव गाठा असं कोणी शिकवलेलं नाही.

आणि त्या सहा वर्षांतही ज्येष्ठात औषधाची पेटी भरून दिंडीकडं यायची. आत यादी. कोणतं औषध किती, कोणाला, मुदत कधी संपते. ज्याची मुदत आधी संपते ते वर, नंतरची खाली. वारीहून पेटी परत गेली की काय उरलं ते मोजून वहीत लिहायच्या. हिशोब एका गोळीचाही सोडला नाही.

आई म्हणून त्या कशा होत्या, हे आम्ही बाहेरून पाहिलेलं. त्यांची दोन्ही लेकरं आरोग्य केंद्रात औषधाच्या खोक्यांवर पाटी ठेवून शिकली. पण एक गोष्ट सगळ्या गावासमोर घडली, ती सांगायला घरच्यांची परवानगी आहे.

आपल्या भागात सिकलसेल आहे. रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. सांधे दुखतात, रक्त कमी होतं, लेकरं वारंवार आजारी पडतात. हा कोणाच्या स्पर्शानं येत नाही, आईबापांकडून येतो. एकाच पालकाकडून आला तर माणूस वाहक, त्याला सहसा काही त्रास नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता, की लेकरू आजारी होईल. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, असं बाई वीस वर्षं सांगत होत्या. लोक मान डोलवायचे आणि कार्ड पेटीत लपवायचे. पोरीचं लग्न मोडेल ही भीती.

बाईंची स्वतःची लेक वाहक निघाली. चांगलं स्थळ आलं. सुपारी फुटायच्या बैठकीत बाईंनी सगळ्यांसमोर लेकीचं कार्ड काढून ठेवलं आणि मुलाचं मागितलं. मुलाकडच्यांना अपमान वाटला. उठून गेले. लग्न मोडलं. गावात दोन महिने दुसरा विषय नव्हता. भावकीतले म्हणाले, मुकाट बसली असती तर पोरगी उजवली असती. बाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या लेकीले सांगतो आणि आपल्या लेकीचं लपवतो, तर मग माझ्या खिडकीशी कोण उभं राहील?" लेक आईच्या पाठीशी उभी राहिली, हे महत्त्वाचं. दीड वर्षानं तिचं लग्न झालं. मुलानं आपणहून कार्ड आणलं होतं. त्याचं निर्दोष होतं. एक जण वाहक आणि एक निर्दोष असला की लेकराला आजार होत नाही. त्या वर्षानंतर गावात चार घरांनी पत्रिकेबरोबर कार्ड मागितलं. पुढं 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, 2047 पर्यंत हा आजार संपवायचा म्हणून. बाईंनी त्याचं कात्रण खिडकीच्या काचेला चिकटवलं होतं.

यजमान गेल्यावर बाई पुन्हा वारीला आल्या. तीन वाऱ्या झाल्या. मग त्यांचंच शरीर थकलं. शेवटच्या आजारात उशाशी पुड्या होत्या, त्यांवर त्यांच्याच हातचे सूर्य-चंद्र. गोळी वेळेवर घेतली, शेवटच्या दिवसापर्यंत.

तेरवीला आमच्यातल्या एकानं त्यांच्याबद्दल बोलताना संत हा शब्द वापरला. लेक उठली. म्हणाली, "माझ्या आईले संत करू नका. तिले राग यायचा. कधी कधी आम्हाला जेवायले उशीर व्हायचा. बाबांच्या आजारात ती रात्री मोरीत जाऊन रडायची. संत केलं की तिच्या पाया पडाल, आणि तिचं काम कोणी करणार नाही."

मंडळी, शताब्दीच्या मांडवात आम्हाला हेच सांगायचं होतं. बाई गेल्या त्या वर्षी पेटी दिंडीबरोबर गेली, पण भरायला जाणकार माणूस नव्हतं. मुदत संपलेल्या दोन पट्ट्या वाखरीच्या मुक्कामी सापडल्या. कोणी खाल्ल्या नव्हत्या, ही पांडुरंगाची दया. दयेवर पेटी चालत नाही. म्हणून दिंडीच्या पंचांनी चार गोष्टी ठरवल्या आहेत, त्या तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली. पेटी नोंदणी असलेल्या औषधजाणकाराच्याच हातात राहील. आपल्याच गावची एक मुलगी यंदा पदविका पूर्ण करून नोंदवहीत आली आहे. लहानपणी ती बाईंच्या खिडकीवर पुड्यांवर चंद्र काढायला बसायची. तिचा वारीचा खर्च दिंडी करेल.

दुसरी. प्रत्येक वारकऱ्यानं चालू औषधांची चिठ्ठी आणि घरचा फोन नंबर पताकेच्या पिशवीत ठेवायचा. एकादशीचं काय करायचं, ते डॉक्टरांकडून आधी लिहून आणायचं.

तिसरी. चिठ्ठीशिवाय लाल रेघेची गोळी मागायची नाही. मागितली आणि मिळाली नाही, तर रुसायचं नाही.

चौथी. दिंडीतल्या घरात लग्न ठरलं, तर सिकलसेलचं कार्ड दोन्हीकडून समोर यावं. पंचांनी आपल्या नातवंडांपासून सुरुवात केली आहे. कार्डं कार्यालयात ठेवली आहेत, कोणीही पाहावीत.

बाईंच्या नावानं मंदिरात पाटी लावणार नाही. त्यांची वही तेवढी पेटीत ठेवली आहे. पुढची पानं कोरी आहेत. उद्या काला झाला की त्या मुलीनं पहिलं पान लिहायला घ्यावं आणि आपण सगळ्यांनी रांगेत उभं राहून आपापली औषधं लिहून द्यावीत. कुरकुर न करता.

रामकृष्णहरी.